गणिताच्या मास्तरांचा मुलगा

बाबा, तुम्ही गेल्यावर नऊ वर्षांनी मी इथे अमेरिकेत एक बंदूक विकत घेतली, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. दोन हजार चार सालची गोष्ट. हरणाच्या शिकारीची जुनी रायफल, दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागतो तसली, आणि त्यातही हलक्या किमतीची, लाकडाऐवजी प्लॅस्टिकचा दस्ता असलेली. तुमची सून म्हणाली, "अरे, वेड लागलंय का तुला? आपण अंडीसुद्धा फ्रिजमध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवतो आणि तू हंटिंग करणार?" शिकार मला करायचीच नव्हती. तुम्ही तीस वर्षं सरकारी शस्त्रकारखान्यात रायफलींच्या नळ्या तपासल्या आणि जन्मात एकदाही गोळी झाडली नाहीत. ती मला झाडून बघायची होती. तिला मात्र मी ऑफिसातले सगळे नेमबाजीच्या रेंजवर जातात, एवढंच सांगितलं.

दुकान आम्ही राहायचो त्या मॉरिसव्हिलपासून पाऊण तासावर, तंबाखूच्या शेतांपलीकडे होतं. दुकानदार साठीचा, जाडजूड, मोजकं बोलणारा. मी आत शिरल्यापासून त्याची नजर माझ्या हातांवर. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांना तीनच वर्षं झाली होती, ते दिवसच तसे होते. विमानतळावर मला हमखास रांगेतून बाजूला काढायचे, आणि पेट्रोल पंपावर कुणी "तू मूळचा कुठला?" विचारलं की मी आधी गाडीचं दार किती लांब आहे ते बघायचो. पण माझा तरी त्याच्यावर कुठे विश्वास होता? इतकी स्वस्त कशी? इतकी चकचकीत का? घासूनपुसून ठेवलेली वस्तू दिसली की काहीतरी लपवलंय असं धरून चालायचं, हे तुमच्याकडूनच अंगात भिनलेलं. "आधीच्या मालकाने का विकली?" मी विचारलं. "खांदा दुखायला लागला म्हणाला." कुठला खांदा, कधीपासून, मी उलटतपासणीच सुरू केली. "मी डॉक्टर नाही," तो म्हणाला, आणि माझं ग्रीन कार्ड पुन्हा उलटंपालटं करून बघू लागला.

मग मी बोल्ट काढून ठेवला, नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं, खिडकीचा उजेड नखावर घेतला आणि पुढून डोळा लावला. आणि मी आपल्या स्वयंपाकघरात आहे. रविवार आहे, आई पोळ्या लाटतेय, तुम्ही नळाच्या पाइपचा तुकडा माझ्या हातात दिलाय. "आतली सावलीची रेघ बघ. मोडलेली दिसली की नळी वाकडी." मला खेळायला जायचंय. मी न बघताच "सरळ आहे" म्हणतो आणि गालावर चपराक बसते. "न बघता बरं म्हणणारा माणूस कुणाचा तरी जीव घेतो," तुम्ही म्हणता. पाइप वाकडा होता.

रायफलीतली रेघ सरळ होती. मी मान वर केली तर दुकानदार काउंटरवर ओणवून माझ्याकडे बघत होता. "हे कुणी शिकवलं तुला?"

"वडिलांनी." तोंडातून निघूनच गेलं.

"काय करायचे ते?"

परदेशातला शस्त्रांचा कारखाना म्हटलं की हा पोलिसांना कळवायला फोन उचलणार, याची मला खात्री होती. "शाळेत गणित शिकवायचे," मी म्हणालो.

त्याने फोन उचललाच. माझा फॉर्म हातात घेऊन, पाठ फिरवून, हळू आवाजात बोलत राहिला. प्रत्येक गिऱ्हाइकाची सरकारी नोंद तपासायला कायद्याने तो फोन करावाच लागतो हे मला ठाऊक होतं, तरी मी दाराकडे सरकलो. शेवटी त्याने फोन ठेवला. "झालं, क्लिअर आहे." रायफल खोक्यात घालताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझा बाप कारखान्यात नळ्या तपासायचा. असंच नख लावायचा. तो गेल्यापासून कुणाला असं करताना पाहिलं नव्हतं, म्हणून विचारलं."

तेव्हा सांगता आलं असतं. तो ऐकायला थांबलाही होता. मी मान हलवली, खोकं उचललं आणि गाडीत येऊन बसलो. पुढच्या शनिवारी रेंजवर गोळी झाडली, नेम बरोबर लागला, पण आनंद झाला नाही.

भीतीपोटी खोटं बोललो, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलोय. हे पत्र टाकायला पत्ताच नाही, म्हणून लिहायला धीर होतोय. बाबा, भीती होती, पण नुसती भीती नव्हती. मास्तरांचा मुलगा म्हणून तिथे उभं राहताना मला क्षणभर बरं वाटलं होतं.