मोरपंखी टाकी

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
आज दुपारी चारच्या सुमारास, चष्म्याच्या दुकानासमोर, माझं आयुष्य बदललं. तारीख विसरू नये म्हणून ही डायरी. डायरी ताईची आहे. पहिल्या पानावर तिने स्वतःचं वजन लिहिलं आणि मग धीर सुटला.

झालं असं. काकांनी कंटाळून मला देऊन टाकलेली मोटरसायकल नेमकी त्या दुकानासमोर बंद पडली. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. पेट्रोल संपलं होतं, पण ते निमित्त. काउंटरमागून ती बाहेर आली. माझ्याकडे थेट बघितलं आणि म्हणाली, "अहो, जरा पुढे घ्या ना. लोकांना पायरी चढता येत नाही."

अहो म्हणाली. पहिल्याच भेटीत.

निश्चय : गाडी एकदम टकाटक करायची, आणि स्वतःच्या हाताने. घरात सगळे म्हणतात मी कुठलीच गोष्ट धड पूर्ण करत नाही. इंजिनियरिंग सोडलं ते सरांशी भांडण झालं म्हणून. त्यात माझा काय दोष?

५ नोव्हेंबर
टाकी रंगवली. मोरपंखी. तिची ओढणी त्याच रंगाची होती. टाकीच्या झाकणावर एक बारीक भोक होतं, फारच वाईट दिसत होतं. पुट्टी भरून, घासून, वर रंगाचे तीन हात दिले. आता बोट फिरवलं तरी कळत नाही. कंपनीवाले असल्या फिनिशिंगकडे लक्षच देत नाहीत.

आईने विचारलं, बाल्कनीच्या कठड्याला रंग दे म्हणून मी कधीपासून घसा कोरडा करतेय, त्याचं काय. तिला कलेतलं कळत नाही.

७ नोव्हेंबर
टाकी फुल केली. शर्टाला इस्त्री केली. निघालो. गाडी लोण्यासारखी चालली आणि बरोब्बर तिच्या दुकानासमोर बंद पडली. याला जो योगायोग म्हणेल तो दगड.

झाकण उघडून पेट्रोल बघितलं, भरपूर. झाकण लावलं. प्लग काढून रुमालाला पुसला, बसवला, किक मारली. सुरू! फॉल्ट प्लगमध्येच होता. याला म्हणतात डायग्नोसिस. ती काचेतून बघत होती. रुमाल वाया गेला.

९ नोव्हेंबर
पुन्हा तिथेच बंद. म्हणजे प्लग नव्हे, इग्निशन कॉइल. खिशात नवी घेऊनच फिरत होतो. झाकण उघडून पेट्रोल पाहिलं (सवयच लागलीय), कॉइल बदलली, पहिल्या किकला सुरू. कॉइलच होती.

येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडली. ते किरकोळ आहे. घरापर्यंत ढकलत आणली. बाबा गेटपाशी उभे होते. म्हणाले, व्यायाम चांगला आहे.

१० नोव्हेंबर
रागाच्या भरात गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री म्हणाला, ठेवून जा, उद्या बघतो. म्हटलं काय झालंय ते आत्ता सांग. म्हणाला, न बघता सांगायला मी ज्योतिषी आहे का. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुझ्यासारख्यांना फक्त ठेवून जा एवढंच येतं. तो म्हणाला, मग घेऊन जा.

घेऊन आलो. परक्या माणसाने हात लावलेली गाडी मी तिच्यासमोर नेणार होतो की काय?

१२ नोव्हेंबर
कार्बोरेटर खोलला. सगळे पार्ट आईच्या कणकेच्या परातीत ठेवून पेट्रोलने धुतले. परातीवरून जे झालं ते लिहीत नाही. रात्रीच्या पोळ्या खाताना बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. पोळीला थोडा वास होता, मान्य आहे.

जोडताना एक स्क्रू उरला. कंपनीने जास्तीचा दिला असणार.

गाडी नेली. दुकानासमोर बंद. झाकण, पेट्रोल, किक, सुरू. म्हणजे कार्बोरेटर साफ केल्याचा फरक पडलाय, पण तो हळूहळू जाणवेल.

१४ नोव्हेंबर
खरा प्रॉब्लेम इलेक्ट्रिकल आहे. हे मला आधीपासूनच वाटत होतं. सगळं वायरिंग काढून नव्याने केलं. जुन्या वायरींचे रंग उडालेले, त्यामुळे अंदाजाने.

रिझल्ट : ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो. आधी चूक वाटली. मग लक्षात आलं, समोरच्याला कळायलाच हवं की आपण थांबतोय. सेफ्टी फीचर. ताई हसून हसून सोफ्यावरून खाली घसरली. तिला सांगितलं, जगात नवीन काही करणाऱ्याला आधी हसतातच. ती म्हणाली, नंतरही हसतात.

१६ नोव्हेंबर
ती बोलली. स्वतःहून.

गाडी आज पुन्हा तिथेच थांबली होती. दुकानाच्या मालकाने आतून ओरडून विचारलं, पाव्हण्याला खुर्ची टाकू का. ती बाहेर आली आणि म्हणाली, "रोज इथेच कशी बंद पडते हो तुमची गाडी?" मी म्हटलं, गाडीला माणसं कळतात. ती वळून लगेच आत गेली. लाजली असावी.

मग मीच चष्मा बघायच्या निमित्ताने आत गेलो. तिने माझे डोळे तपासले. नंबर नाही निघाला, हे ऐकून वाईट वाटलं, परत जायचं कारण गेलं. बोलता बोलता कळलं की तिने या डोळ्यांच्या कामाचा रीतसर डिप्लोमा पूर्ण केलाय आणि शहरातल्या डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला इंटरव्ह्यूला बोलावलंय. बुधवारी सकाळी दहाला. पहिली बस दहानंतर पोचते. रिक्षावाला तेवढ्या लांब यायला तयार नाही. घरी न्यायला कुणी नाही. चेहरा एवढासा झाला होता.

मी म्हटलं, मी सोडतो.

तिने गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाली, "थट्टा नका करू. ही नोकरी मिळाली तर माझं सगळं मार्गी लागेल."

मी म्हटलं, माझ्यावर सोडा. शेवटी ती हो म्हणाली. सारखं नखाने काउंटर खरवडत होती.

१८ नोव्हेंबर
बुधवारची तयारी. बॅटरी चार्ज. चेन टाइट. दर वेळी झाकण उघडून टाकी काठोकाठ भरायची आणि घराभोवती चार चकरा मारायच्या, असं दिवसभर केलं. एकदाही बंद नाही. वायरिंगच होतं.

बाबा म्हणाले, त्या मुलीचं महत्त्वाचं काम आहे म्हणे, तर रात्रीच शहरात तिच्या कुणा नातेवाइकाकडे जाऊ दे ना तिला. माझा मुलावर विश्वास आहे, पण गाडीवर नाही, असं म्हणाले. मी जेवणावरून उठलो. नंतर स्वयंपाकघरात उभ्याने जेवलो.

२० नोव्हेंबर, बुधवार, दुपार
लिहू की नको असं झालंय.

सकाळी ती दुकानाच्या पायरीवर फाइल घेऊन उभी होती. गाडी अर्थातच तिच्यासमोर थांबली. मी उतरून झाकण उघडलं, लावलं, किक. निघालो. कोपऱ्यावर ब्रेक दाबला, हॉर्न वाजला, पुढचा सायकलवाला घाबरून गटारात उतरला. ती म्हणाली, ब्रेक नका दाबू. मी म्हटलं, बरं.

हायवेला लागलो. मागे ती, पुढे मी, गार वारा. मनात म्हटलं, अजून काय पाहिजे. आणि गाडी बंद.

झाकण, पेट्रोल, किक, सुरू. तेवढंच अंतर गेलो, पुन्हा बंद. मग पुन्हा. शेवटी मी हट्टाला पेटलो. साइड पॅनल काढलं, रस्त्याच्या कडेला टूल पसरले आणि कार्बोरेटर खोलायला घेतला. ती घड्याळाकडे बघत होती.

मग ती शांतपणे म्हणाली, "अहो, मी दुकानातून रोज बघते. तुम्ही बाकी काहीही केलं तरी झाकण उघडल्यावरच ती सुरू होते. झाकण थोडं सैल ठेवून चालवून बघा ना."

इथे माझं डोकं फिरलं. म्हणालो, झाकणाचा आणि इग्निशनचा संबंध काय? मी इंजिनियरिंगला होतो. तुम्ही चष्मे विका.

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मलाच ऐकू आलं.

ती रस्त्याच्या कडेला गेली, हात केला. दुधाचा टेम्पो थांबला. ड्रायव्हर कुणाचा तरी आजोबा असावा. कॅनच्या बाजूला फाइल छातीशी धरून बसली आणि गेली. मागे वळून बघितलं नाही. मी पाना हातात घेऊन उभा.

ती खोटी पडावी म्हणून मी कार्बोरेटर जोडला, झाकण सैल ठेवलं आणि निघालो. घरी पोचलो. एकदाही बंद पडली नाही.

२१ नोव्हेंबर
झाकणात हवा जायला भोक असतं. पेट्रोल खाली उतरलं की वरून तेवढी हवा यावी लागते, नाहीतर पेट्रोल टाकीतच अडतं. हे आईने सांगितलं. तेलाच्या डब्याला मी दोन भोकं का पाडते, असं तिने विचारलं. एवढ्या वर्षांत कधी विचार केला नव्हता.

सुईने पुट्टी खरवडली. भोक मोकळं. वर मोरपंखी रंगाचा टवका उडाला. म्हणजे प्लग, कॉइल, वायरिंग कशातच काही नव्हतं. तरी त्यातलं काही थोडंसं असणारच.

२३ नोव्हेंबर
शहरापर्यंत गाडी नेली आणि आणली. एकदाही बंद पडली नाही. दुकानासमोरून गेलो, गाडी थांबलीच नाही, सुसाट पुढे गेली. वळून परत आलो, तरी नाही. थांबायचं तर ब्रेक दाबावा लागेल. म्हणजे हॉर्न वाजेल. म्हणजे ती बाहेर बघेल. तिसऱ्या फेरीला मालकच बाहेर आला आणि म्हणाला, काय, आज खुर्ची नको?

२४ नोव्हेंबर, सकाळ
ताई काल दुकानात जाऊन आली, तिच्याकडून कळलं. बुधवारी ती इंटरव्ह्यूला वेळेत पोचली होती. दुधाचा वास आल्यामुळे तिथले सगळे हसले म्हणे आणि तिची भीती गेली. नोकरी लागली. उद्यापासून शहरातच राहणार. आज दुकानात शेवटचा दिवस.

ठरवलं होतं : गाडी चकाचक करायची, दुकानासमोर झोकात थांबायचं, उद्या शहरात सोडू का म्हणून विचारायचं. सकाळपासून गाडी तीनदा पुसली. गाडी एकदम फिट आहे. बंद पडायला आता कारणच नाही. त्यामुळे तिच्यासमोर थांबायलाही नाही. आणि मी तिला चष्मे विका म्हणालो होतो.

आरशासमोर म्हणून बघितलं : तुमचं बरोबर होतं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज बरा आला. पुढे काय म्हणायचं ते ठरलेलं नाही. ती हसेल किंवा हसणारही नाही.

आई विचारतेय, गाडीची चावी इथेच कशी ठेवलीस. म्हटलं, चालत जातोय. कुठे म्हणाली. म्हटलं, येतो.

दार बाहेरून ओढून घेतो.