समाधानकारक पाऊस

२ सप्टेंबर २०१५, बुधवार

मराठीच्या शेख मॅडमनी आज सगळ्या दहावीची अब्रू काढली. ‘धड्यातलं आवडलेलं पात्र’ यावर लिहून आणायचं होतं. सगळ्या वर्गाला एकच पात्र आवडलं, तेही त्याच शब्दांत. गाइडवाल्याची आवड चांगली, त्याला आम्ही काय करणार?

मॅडम म्हणाल्या, गाइड घरी ठेवा. धडा पुन्हा वाचा, दिसलं तेवढंच लिहा. दिसलं नसेल तर कोरा कागद द्या.

आता मी टँकरच्या रांगेत घागर धरून पात्रांचं मन वाचत बसते. साहित्यानं माणूस मोठा होतो म्हणे. आमच्या गावात तर चेअरमन झाल्यावर होतो.

४ सप्टेंबर

कोरा कागद दिला. मॅडमनी त्यावर ‘प्रामाणिक’ असं लिहून परत दिला. हे कौतुक की टोमणा, तेही मीच वाचायचं.

९ सप्टेंबर

दूध सोसायटीची वार्षिक सभा. स्वागतगीताला दरवर्षीप्रमाणे आम्ही मुली. गाणं झालं की चहा मिळतो, म्हणून बसून राहिलो आणि अहवाल ऐकावा लागला.

अहवाल आबांनी लिहिलेला. माझे वडील, आश्रुबा, सोसायटीचे सचिव. त्यांचं अक्षर इतकं देखणं की चेअरमन भगवानराव कागद आधी सगळ्यांना दाखवतात, मग वाचतात — ‘यंदा पाऊस समाधानकारक झाला. हिरव्या चाऱ्यात वाढ झाली. दूधसंकलनात भरीव वाढ झाली.’

मंडपाबाहेर टँकर उभा! शेजारच्या सुंदरबाई मावशीची म्हैस कधीची आटलेली. आणि सगळी सभा एका सुरात — मंजूर, मंजूर. सुंदरबाई मावशीचा आवाज तर सगळ्यांत मोठा.

घरी आबांना विचारलं. म्हणाले, “दरसालचा मजकूर हाय तो. तारीख बदलायची. कोण ऐकतंय?”

म्हणजे गाइड फक्त दहावीलाच लागतं असं नाही.

१६ सप्टेंबर

चारा छावणी नामंजूर. सोसायटीनं छावणीच्या अर्जाला तोच अहवाल जोडला होता! तालुक्याच्या साहेबांनी तो वाचला. वाचणारा माणूस कुठंतरी असतो, याचा गावाला फार मोठा धक्का बसलाय. साहेब म्हणाले, तुमच्याकडं पाऊस समाधानकारक, चारा वाढलेला, मग छावणी कशाला?

भगवानराव दारात येऊन तडकले, “आश्रुबा, कावून लिवलं बे असं? समदी जनावरं बाजारात जातील आता. आठ दिवसांत नवा अर्ज दे, न्हाईतर मी दुसरा सचिव बघतो.”

सभेत तो अहवाल स्वतःच वाचला होता, हे ते विसरले. आबा खाली मान घालून उभे. मला राग आला. भगवानरावांचा आला, आणि आबांचाही.

१८ सप्टेंबर

आबा परवापासून कागदासमोर बसलेत. तारीख फार सुरेख काढलीय. खाली काही नाही.

शेवटी म्हटलं, मी लिहिते. त्यांनी पेन इतक्या पटकन हातात दिला की मलाच कसंतरी झालं.

१९ सप्टेंबर

लिहिलं. ‘भीषण’, ‘हृदयद्रावक’, ‘मुक्या जिवांचा टाहो’. वाचून माझाच ऊर भरून आला.

मॅडमना दाखवलं. “टाहो तू ऐकलास?” नाही. “मग पाहिलंस काय?” म्हटलं, सुंदरबाई मावशीची म्हैस आपणहून उठत नाही. पोटाखाली पोतं घालून चौघं उचलतात. उभी राहिली की ती आधी रिकाम्या गव्हाणीत तोंड घालते.

 मॅडम म्हणाल्या, “हेच लिही. आणि सगळ्यात वर लिही, अहवालात पावसाचं लिहिलंय ते चूक आहे.”

माझे बाकीचे दागिने त्यांनी एकेक करून उतरवले. अर्ज निम्मा झाला. वाईट वाटलं. पण पुन्हा वाचला तेव्हा म्हैस दिसली.

आबांनी तो त्यांच्या अक्षरात उतरवला. ‘चूक आहे’ या शब्दांपाशी थांबले, पण तेही उतरवलं.

२८ सप्टेंबर

साहेब स्वतः येऊन गोठे बघून गेले होते. छावणी मिळाली! आबांची सचिवकीही राहिली. भगवानरावांचा सत्कार झाला. साहित्याचा उपयोग सिद्ध झाला — चेअरमनला शाल मिळते.

घरी मी आबांना ऐकवलं. इतकी वर्षं नक्कल केलीत, आता तरी स्वतःचं लिहा. जरा जास्तच बोलले. आबा उठून गोठ्यात गेले.

२९ सप्टेंबर

सकाळी आबाच बोलले. “मला उतरवता येतंय गं. आपल्या मनचं लिवता येत न्हाई. साळंत सातवीपतोर फळ्यावरचंच उतरवलं. अक्षर लई चांगलं, म्हणून गुरुजीनं दुसरं कायी विचारलंच न्हाई.”

 

मराठीचं पुस्तक आणि एक कोरा कागद त्यांच्यापुढं ठेवला, ‘दिसलं तेवढंच लिहा’ म्हटलं आणि शाळेत गेले.

३ ऑक्टोबर

आबांनी आज एक कागद दाखवला. खाडाखोड, वाकड्यातिकड्या ओळी. त्यांचं अक्षर म्हणून कुणी ओळखणार नाही.

‘यंदा पाऊस पडला न्हाई. मला ठाऊक होतं. लिवायचं कसं ते ठाऊक नव्हतं.’