सिंहाचा कौल

लालबाग, मुंबई १२
१४ फेब्रुवारी १९८३

चि. सीताराम यास बकुळाताईचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. संपाला वर्ष उलटलं. तुझे भावोजी गॅलरीत बसून समोरच्या मिलची चिमणी बघतात. तिच्यातून धूर येत नाही आणि ह्यांच्या तोंडातून शब्द.

मे महिन्यात आम्ही चौघांनी नैरोबीला यावं, तिकिटं तुझ्या मिलचे शेठ काढतील, शहराच्या वेशीवरच जंगल आहे नि मोटारीत बसून सिंह बघता येतात, हे तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. चूक माझीच. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. वसंत अकरा वर्षांचा घोडा झालाय, पण आफ्रिकेचा नकाशा उशाशी घेऊन झोपतो. सुनेत्रा धाकटी. ती विचारते, सिंह पेज खातो का? आपल्याकडे सगळेच दोन्ही वेळा पेज खातात, तेव्हा तिला वाटणारच.

रविवारी सराव म्हणून राणीच्या बागेत चालत गेलो. सिंह आमच्याकडे पाठ करून झोपला होता. हे म्हणाले, हाही संपावर दिसतो. वर्षभरातला ह्यांचा पहिला विनोद. मी हसले, मग तिथेच डोळ्यांना पदर लावला.

शेजारचा कुशाबा, ह्यांच्याच साळखात्यात मागावर काम करणारा, गेल्या आठवड्यात संप मोडून पोलिसांच्या गाडीत बसून कामावर चढला. चाळीतल्या आम्ही बायकांनी त्याच्या उंबऱ्यावर हिरव्या बांगड्यांचा आहेर ठेवला. चांगल्या हातभर बांगड्या, हळदकुंकवासकट. पुढे मीच होते. सखुबाई, त्याची बायको, दाराआड रडत होती. नळावर आता तिच्याशी कुणी बोलत नाही. मीही नाही.

येण्याबद्दल ह्यांचं एकच, देवाक विचारल्याशिवाय पाऊल उचलूचा नाय. गावी नानाकाकांना कौल लावायला कळवलंय. मला मात्र देवाआधी तुला विचारायचंय. तुझ्या लग्नाला रजा न देणारे शेठ माझ्या पोरांना सिंह दाखवायला एवढे उदार कधी झाले?

दमयंतीला आशीर्वाद. लोभ आहेच, वाढवलास तर हरकत नाही.

तुझी ताई


नैरोबी
२ मार्च १९८३

ती. सौ. ताईस सीतारामचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझी जीभ मिलच्या कात्रीसारखी आहे, संपातही बोथट झाली नाही. शेठ मोठ्या मनाचे आहेत एवढंच समज. फुकटच्या तिकिटाचे दात मोजू नकोस.

मुलांचा सगळा बेत मी आखलाय. पहिल्या दिवशी आराम. दुसऱ्या दिवशी पहाटे जंगल, कारण ऊन चढलं की सिंह गवतात पडून राहतात. रस्ता आमच्या मिलच्या गेटावरूनच जातो. जिराफ तर इतके धिम्मे की मोटार थांबवून त्यांना वाट द्यावी लागते. मे महिन्यात इथे गारवा असतो, स्वेटर आणा. पीतज्वराची लस टोचल्याशिवाय परतताना मुंबईला विमानातून उतरू देत नाहीत, ते आत्ताच उरका. दमयंतीने मुलांसाठी नवी गादी भरून घेतली आहे.

भावोजींनी येताना मिलचं सर्टिफिकेट, आपली कातर नि धागा ओढायची आकडी बरोबर ठेवावी. शेठना मुंबईचा साळवाला कसा असतो ते बघायचंय. सहज.

कृपा आहेच, ती ओरड्यासकट असू द्यावी.

तुझा सीताराम


लालबाग
२८ मार्च १९८३

चि. सीताराम यास आशीर्वाद.

लस टोचून झाली. वसंतचा दंड सुजला, तो चाळभर दाखवत फिरतो की हे आफ्रिकेचं आहे. सुनेत्राने चाळीतल्या पोरींना एकेक सिंह वाटून टाकलाय. सखुबाईच्या मुलीलाही एक दिला. मी तो परत घ्यायला सांगितलं नाही.

कौल उजवा आला. नानाकाकांनी देवाला पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं, की लेकरांना परमुलखात नेऊन सिंह दाखवून आणावं का? उजवी पाकळी लगेच पडली म्हणे. ह्यांचा चेहरा जरा उजळला.

पण बाबा, सिंह बघायला कातर कशाला? सिंहाचे केस कापायचेत? आपण एका आईच्या पोटचे. मला सरळ लिही.

लोभ तुझ्या उत्तरापर्यंत राखून ठेवला आहे.

ताई


नैरोबी
११ एप्रिल १९८३

ती. सौ. ताईस सा. न.

तू विचारलंस म्हणून लिहितो. इथल्या साळखात्यातली माणसं तीन महिने गेटाबाहेर बसली आहेत. पगारवाढ हवी म्हणतात. शेठनी त्यांची नावं काढून टाकली. मुंबईत माग बंद नि सांचेवाले रिकामे बसलेत हे पेपरात वाचून मला म्हणाले, तुझी माणसं आण, नाहीतर तूही घर खाली कर. घर मिलचं आहे, परवाना मिलचा आहे. पहिलं माणूस घरचं आणलं की बाकीचे येतील.

हे खोटं नव्हतं ताई, सिंह खरे आहेत. फक्त भावोजी आधी येतील. ते सांच्यावर उभे राहिले की तुमची तिकिटं पाठोपाठ. इथल्या माणसांशी आपलं काय नातं? त्यांची भाषा आपल्याला येत नाही. त्यांच्या बायका पाठीला पोरं बांधून गेटावर बसतात. दमयंती आताशा त्या बाजूची खिडकी उघडत नाही.

कुशाबाला आहेर केलात, ते एका गावातलं होतं. समुद्रापलीकडे कोण बघतंय?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

सीताराम


लालबाग
९ मे १९८३

सीताराम यास,

हे उद्याच्या विमानाने येत आहेत. एकटे. पत्र ह्यांच्याच हाती बंद पाकिटात देतेय.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी ते घडी करून परत दिलं नि दोन दिवस गॅलरीतून उठले नाहीत. मग सुनेत्रा शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. बाईंनी विचारलं, सकाळी काय खाल्लं होतंस? ती म्हणाली, आमच्याकडे रात्रीच खातात. त्या संध्याकाळी ह्यांनी माळ्यावरून कातर काढून गॅलरीत सगळ्या चाळीदेखत तेलाने पुसली.

मी म्हटलं, देवाला पुन्हा विचारा. नानाकाकांचं उत्तर आलं, एका कामाचा एकच कौल, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे देवावर अविश्वास. मी म्हटलं, अहो, विचारलं होतं सिंहाचं. सांच्याचं कुणी विचारलंच नाही. हे म्हणाले, देवाक सगळा कळता. तेव्हा मला कळलं की ह्यांनी जायचं ठरवलंय, देव नुसता सोबतीला घेतलाय. मी वाट अडवली नाही. पोरीच्या मनगटाकडे बघत होते, हाड दिसतं.

पण मुलं येणार नाहीत. तिकिटं काढू नकोस. सिंहाकडे जाणारा रस्ता त्या गेटावरून जातो, असं तूच लिहिलंस. माझ्या पोरांनी मोटारीतून आधी ते बघायचं नि मग सिंह? वसंतला सांगितलंय, परवाना मिळाला नाही. त्याने नकाशा परत शाळेत दिला. सुनेत्रा मात्र शेजारणीच्या पोरींना सांगते, बाबा आधी जाऊन सिंह मोजून येणार आहेत.

आज दुपारी सखुबाई आली. इतक्या महिन्यांत प्रथमच आमच्या दारात उभी राहिली. मला वाटलं, बोलेल, सूड घेईल. तिने पदराआडून पुडी काढली, उंबऱ्यावर ठेवली नि एवढंच म्हणाली, वापरल्या नाहीत गो, जशाच्या तशा आहेत. मग सुनेत्राच्या गालावरून हात फिरवून गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बांगड्या ह्यांच्या पिशवीत तळाशी घातल्या आहेत, स्वेटराच्या घडीत, फुटू नयेत म्हणून. ह्यांना ठाऊक नाही. तू काढून घे नि दमयंतीच्या हाती दे. तिला म्हणावं, ती खिडकी उघड, खाली उतर नि पाठीला पोरं बांधलेल्या त्या बायकांना नेऊन दे. त्यांना आपली रीत माहीत नसेल. भाषा येत नसली तरी हाताने समजावून सांगता येईल. कुणाच्या दारात ठेवायच्या, तेही आपल्याच दाराकडे बोट करून दाखव म्हणावं.

ह्यांना जेवू घाल. सकाळी पेजच द्या, एकदम भात पचायचा नाही.

लोभ वाढावा असं दर पत्रात लिहीत आले. या वेळी आहे तेवढा कुठे ठेवू, तेच कळत नाही.

बकुळा