थांबलेल्या मशीनचं बटण

फार्गो,
मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय डॅड,

मजेत असशील. मॉमचा गुडघा काय म्हणतो? तिनं बांधून दिलेली लेफ्साची बटाटापोळी माझ्या रूममेटनं, डेल्फीननं, मला विचारायच्या आतच फस्त केली. साखर-लोणी लावून! निर्लज्ज आहे नुसती.

माझं बरं चाललंय. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत कशीबशी बी ग्रेड मिळाली. डोळे तपासायच्या कोर्सची, ऑप्टोमेट्रीची, प्रवेशपरीक्षा जानेवारीत आहे, म्हणजे आता नाताळचीही सुट्टी पुस्तकातच जाणार. फिजिक्सचे सर म्हणाले, "भिंगं तुला छान कळतात, पण आकडेमोड आली की माती खातेस." तू असतास तर म्हणाला असतास, "शोभतेस माझी लेक!"

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण तुझा आवाज ऐकला की मला पुढचं बोलता येणार नाही.

शनिवारी आपल्या गावच्या डोळ्यांच्या डॉ. ब्राउअरांनी दवाखाना बंद झाल्यावर मला मशीनवर हात बसवू दिला, आणि तू हौसेनं माझा पेशंट झालास. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचलीस. "बघून घे! आपल्या स्टेन्सरूड घराण्याचे डोळे आहेत, ससाण्याचे!" डॉक्टरही हसल्या. मग मी तुला त्या मोठ्या वाडग्यासारख्या मशीनसमोर बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, कडेला कुठेही उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. तू दाबत होतास. टक-टक, टक-टक, गावच्या लीजन हॉलमध्ये पोल्का नाचाला ड्रम वाजवतोस तस्सं. तुझी हनुवटी जरा घसरली म्हणून मी मशीन थांबवलं.

आत एकही दिवा लागत नव्हता, डॅड. आणि तुझं बटण वाजतच होतं.

आजवर काचबिंदू मी पुस्तकात वाचला होता. कडा हळूहळू जातात, मधलं शाबूत राहतं, म्हणून माणूस तक्ता झकास वाचतो, हे मला परीक्षेला पाठ आहे. पण माझा बाप अंदाजानं बटण दाबतोय, याला कुठल्या पुस्तकात उत्तर आहे? डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब मोजला, थेंब लिहून दिले, गाडी चालवू नका म्हणून बजावलं. तू म्हणालास, "हरणांच्या शिकारीचा सीझन संपू दे, मग बघू."

आणि गाडीत मला काय म्हणालास? "कडेचं जरा कमी दिसतं, वर्ष झालं असेल. मॉमला कळू देऊ नकोस. तुझं कॉलेज होईपर्यंत शाळेची बस रेटतो. झाकली मूठ सव्वा लाखाची." वर डोळा मारलास. तुला माहीत होतं! माझ्या फीसाठी तू शाळेची बस आंधळेपणानं हाकत होतास, आणि मी इथे डोळ्यांचा अभ्यास करत होते.

काल दुपारी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम तुझ्या बसमध्ये बसले. वाटलं, आपण उगाच घाबरतोय. टोलेफसनांच्या फाटकाशी छोटी ब्रिटा उतरली आणि पडलेला हातमोजा उचलायला दाराच्या बाजूनं बसपुढे वळली. तू ब्रेक सोडलास. मी किंचाळले. बस तिच्या टोपीपासून हातभर अंतरावर थांबली. तू म्हणालास, "अरे, ही कुठून उगवली?" पोरं हसली. ब्रिटाही हसली, हात हलवला.

ती समोरच होती, डॅड, फक्त जरा कडेला. पूर्ण वेळ.

काल संध्याकाळी इथे परतल्यावर मी बस गॅरेजला फोन केला. तुझा साहेब कर्टिस, त्यानंच उचलला. तुझं नाव सांगितलं आणि कारणही सांगितलं. तो म्हणाला, "पोरी, तुला कळतंय ना तू काय करतेयस?" कळतंय. हे पत्र पोचेल तोवर किल्ल्या तुझ्या खिशात नसतील. कुणी चुगली केली म्हणून गावभर विचारत फिरू नकोस. मी केली. फीचं बघेन मी, वर्षभर थांबेन, काहीही करेन. तू थेंब घाल. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं वाचेल.

मॉमला मी काही सांगितलेलं नाही. ते तूच सांग, आजच.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मला न्यायला येऊ नकोस. डेल्फीन सोडेल. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी मी येणार आहे. दार तेवढं उघड.

तुझीच,
मारेन