अनंताचं घोरणं

मोरिवली, अंबरनाथ
४ ऑगस्ट २०२४

ती. गोदूताईंना,
अंजनाचा शि. सा. न. वि. वि.

बारवीकडे रेंज मिळायला तुम्हाला रस्त्यावर यावं लागतं, आणि स्पीकरवरचं बोलणं सगळी आळी ऐकते. म्हणून तुमच्याकडून इथे भाजी विकायला येणाऱ्या भिमाबाईच्या टोपलीतून हे पत्र.

उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेलं तुमच्या भावाच्या घोरण्यावरचं मशीन घरात आल्याला तीन महिने झाले. झोपताना नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवा येत राहते, मग श्वास मध्येच अडकत नाही. लग्न झाल्यापासून मी कोपर मारून त्यांना कुशीवर वळवत आले, ते काम संपलं. तरी माझी झोप नाहीच. घोरणं ऐकू येईनासं झालं की श्वास चालू आहे ना, हे बघायला हात आपोआप पुढे जातो. फार थकले आहे ताई.

त्यांचं दिवसा पेंगणं गेलं, बीपी उतरलं, साखरही थोडी खाली आली. पण वजन वाढलं. पँटचं बटण लागत नाही. भात वाढताना मी हात आखडता घेते, तरी वाढलंच. रागावू नका, पण भिमाबाईबरोबर कंपनीच्या गेटवर भाकऱ्यांचं फडकं पाठवत असाल तर थोडे दिवस थांबवा.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
अंजना

*

बारवी
११ ऑगस्ट २०२४

चि. सौ. अंजना हिस,
अ. उ. आ.

माझ्या भाकऱ्यांवर आळ घेतलास, बरं केलंस. तेवढाच घ्यायचा राहिला होता. लावणी लागल्यापासून मला कंबर सरळ करायला फुरसत नाही, फडकं कुठलं पाठवते? तूच त्याला हळूच वाढत असशील. तुझा हात सैल, हे आईसुद्धा म्हणायची.

आता माझं ऐक. घरात नवीन काय आलं? मशीन. डॉक्टरीण म्हणते वजन उतरव, आणि तिचंच मशीन वजन चढवतंय. मग ते हवंय कशाला? आमचे बाबाही असेच घोरायचे, पार खळ्यापर्यंत ऐकू जायचं. घोरतो तो गाढ झोपतो. त्यात गौरी-गणपतीला सगळे पाहुणे तुमच्याकडे उतरणार. हॉलमध्ये रांगेत अंथरुणं पडली की त्यांच्यादेखत हा तोंडाला नळी लावून निजणार का? अनंता ऑक्सिजनवर आहे म्हणून गावभर होईल. माळ्यावर टाक ते. मी मोठी आहे, काही झालं तर माझ्यावर ढकल.

मुलांना गोड पापे. भांडलो तरी आपण घरच्याच, हे ध्यानात ठेव.

गोदूताई

*

मोरिवली
२९ सप्टेंबर २०२४

ती. गोदूताईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा शब्द या घरात मी कधी मोडला नाही. मशीन माळ्यावर ठेवलं. पाहुणे आले, गेले, गौरी बोळवल्या, मशीन मात्र वरच राहिलं. घोरणं परत सुरू झालं आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. आवाज आहे म्हणजे माणूस आहे. वजनही किंचित उतरलं. म्हटलं, ताईंचंच खरं.

गेल्या आठवड्यात कंपनीत फोर्कलिफ्ट चालवता चालवता यांचा डोळा लागला. वर उचललेले ड्रम खाली आले. यांच्याबरोबर काम करणारा भगवान तिथेच उभा होता, वेळेवर बाजूला झाला म्हणून त्याची बायको आज कुंकू लावते आहे. यांना खरचटलंही नाही. पण आता गेटवर खुर्चीत बसवलंय, डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. जेवताना ताटाकडे नुसते बघत बसतात.

उल्हासनगरला जाऊन आलो. साखर परत चढली आहे. डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं. झोपेत श्वास अडकला की शरीराला वाटतं जिवावर बेतलं. ते घाबरून रक्तात साखर सोडतं, छाती धडधडते, बीपी चढतं, असं रात्रभर चालतं. मशीनने ती झटापट थांबते. झटापट थांबली की तिच्यात जळणारं अन्नही अंगावर राहतं, म्हणून काहींचं वजन थोडं वाढतं. त्याला उपाय मशीन काढणं नाही, चालणं आणि ताट सांभाळणं. मी म्हटलं, पण मशीन काढल्यावर वजन उतरलं की. तेव्हा त्या म्हणाल्या, "ते उतरलं नाही, झिजलं."

म्हणजे दोष तुमच्या भाकऱ्यांचा नव्हता आणि माझ्या हाताचाही नव्हता. मशीन खाली काढलंय. पण हे आता रुसलेत, मास्क लावत नाहीत. म्हणतात, गेटवर बसायला कशाला हवी झोप? माझ्यात समजूत घालायचं त्राण उरलं नाही. तुमचं ते ऐकतील. काहीतरी करा.

लोभाची आज खरोखरच गरज आहे.

अंजना

*

बारवी
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. अंजना हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून चूल पेटवायचं सुचलं नाही.

बाबा गेले तेव्हा तू या घरात आली नव्हतीस. रात्री जेवून, घोरत झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. सगळा गाव म्हणाला, पुण्यवान माणूस, झोपेत गेला, कुणाला त्रास दिला नाही. भेटायला येईल त्याला मीही तेच सांगितलं, आजवर सांगत आले. तेही बांधावर बसल्या बसल्या पेंगायचे, त्यांचीही साखर होती. त्यांना हेच होतं का, आता कोण सांगणार? पण तुझ्या डॉक्टरीणबाईंचं वाचल्यापासून मला ते पुण्य वाटत नाही. शेजारच्या खोलीत आम्ही सगळे होतो गं, आणि घोरणं थांबलं तेव्हा आई म्हणाली, बरं झालं, आता नीट झोप लागली.

शनिवारी मी येते. भात कापणीला अजून वेळ आहे. चार दिवस राहीन, मास्क मी लावीन आणि त्याच्या उशाशी मी बसेन. तू आतल्या खोलीत दार लावून झोप. श्वास मी ऐकते. पुन्हा पाहुणे आले तर त्यांना काय सांगायचं तेही मीच बघते.

तोवर हे पत्र अनंताला वाचायला दे. आणि त्याला म्हणावं, ताईने सांगितलंय, आपल्या घरात एक पुण्यवान झाला तेवढा पुरे.

माझ्यावरचा राग उतरला की पहिल्यासारखा जीव लाव.

तुझी,
गोदूताई