चाकू बाळगण्याचं योग्य कारण

ता. ३, सोमवार

छत्री गेली. संध्याकाळी बस स्टँडच्या गर्दीत कुणीतरी हातातून ओढून नेली असणार. ओढल्याचं मला जाणवलं नाही, म्हणजे चोर सराईत होता. घरी सांगितलं. ही म्हणाली, ऑफिसात विसरला असाल. माझ्या आयुष्यात काही थरारक घडू शकतं हे हिला मान्यच नाही. चिरंजीव तोंडात घास धरून हसले.

जेवतानाच निश्चय केला. यापुढे निःशस्त्र फिरणे नाही.

ता. ४

चाकू घेतला. घडीचा, काळ्या मुठीचा. दुकानदाराने विचारलं, कशासाठी हवाय? मी नुसतं त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याने घाईघाईने चाकू पिशवीत घातला आणि वर बटाटे सोलायची सोलणी फुकट दिली. टरकला असावा.

घरी बोललो नाही. बायकामाणसं उगाच घाबरतात. सोलणी स्वयंपाकघरात, चाकू मोज्यांच्या कप्प्यात.

ता. ५

कायदा वाचला. पोलिसांनी स्टँडवर भलामोठा फलकच लावलाय. सार्वजनिक जागी चाकू बाळगणं गुन्हा. घडीचा असेल आणि पातं साडेसात सेंटिमीटरच्या आत असेल तर चालतं. घरी येऊन मोजलं. नऊ. हिच्या शिवणाच्या टेपने मोजलं, ती वापरून जरा ताणली गेली आहे. तरी नऊ.

मोठा चाकू बाळगायचा तर 'योग्य कारण' लागतं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की स्वसंरक्षण हे योग्य कारण धरलं जाणार नाही. म्हणजे माणूस चाकू ज्यासाठी घेतो तेवढं सोडून बाकी सगळी कारणं चालतात. हे लिहिणाऱ्याची छत्री कधी गेलेली दिसत नाही.

पण मी मीटर-तक्रार विभागाचा उपप्रमुख आहे (विभागात आम्ही दोघंच). नियमातून वाट काढणं हा माझा रोजचा धंदा. अर्ध्या तासात वाट निघाली. सफरचंद! जवळ सफरचंद असलं की चाकू फळ चिरायला. कायद्याचा बाप आला तरी बोट ठेवू शकत नाही.

ता. ६, गुरुवार

डाव्या खिशात कारण, उजव्या खिशात चाकू.

स्टँडच्या तोंडाशी नाकाबंदी आहे. मशीन वगैरे काही नाही. एक पोलीसबाई उभ्या असतात आणि नुसत्या नजरेने माणसं निवडतात. निवडलेल्याला बाजूला घेऊन झडती. मी मुद्दाम हळू चाललो. निवेदन पाठ होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, काका, पुढे चला, रांग अडतेय. माझ्या मागच्या कॉलेजच्या पोराला धरलं.

दुपारी काम फार. भूक लागली. कारण खाल्लं.

परतीच्या वाटेवर लक्षात आलं की आपण आता बेकायदेशीर आहोत. खिशावर हात दाबून नाकाबंदीतून गेलो. पोलीसबाई जांभई देत होत्या.

ता. ७

चाकू उघडत नाही. अंगठ्याचं नख मोडलं. चांगल्या मालाचं हेच लक्षण, सहजासहजी उघडत नाही. फालतू चाकू खिशातच उघडतात आणि माणूस जायबंदी होतो.

दुसरी गोष्ट. चपला चिकटवायच्या गोंदाची अख्खी ट्यूब संपलेली. हिला विचारलं तर म्हणाली, वापरली. घरात कुणाचीच चप्पल तुटलेली नाही. या बाईला काटकसर म्हणून माहीत नाही.

ता. १०, सोमवार

चिरंजीवांना आज पुन्हा अडवलं. पार्सलं पोचवायचं काम करतात, पाठीवर ही मोठी बॅग, त्यामुळे रोज नजरेत भरतात. बॅग फुटपाथवर रिकामी करायला लावली. उशीर झाला. मालकाने बोल लावला. आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून होते.

विशीतला मुलगा, असं पडून कसं चालेल? येत्या वीस तारखेला लिफ्ट कंपनीची टेस्ट आहे. पास झाले तर दोन वर्षं ट्रेनिंग आणि मग पक्की नोकरी. एकच अट कडक, पोलिसांत नावावर काही नको. लिफ्टवाले लोकांच्या घराघरांत शिरतात, म्हणून.

मी त्यांना शांतपणे समजावलं. पोलीस पर्सनॅलिटी बघतात. तू खांदे पाडून चालतोस, टोपी डोळ्यांवर ओढतोस, मग अडवणार नाहीत तर काय? माझ्याकडे बघ, ताठ चालतो, कुणाची हिंमत आहे? चिरंजीव म्हणाले, बाबा, तुम्हाला का अडवत नाहीत माहितेय का? मी म्हणालो, तेच तर सांगतोय. त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. ही उगाच भांडी आपटत होती.

ता. १२

नाकाबंदीतून तीनदा गेलो. एकदा कामाला आणि दोनदा तत्त्वासाठी. अडवलं नाही. याला काय पोलीस बंदोबस्त म्हणायचा? नऊ सेंटिमीटरचा चाकू घेऊन एक माणूस राजरोस फिरतोय आणि यांना पत्ता नाही.

चौथ्या वेळी कॉलर वर केली, डोळे बारीक केले, एक हात खिशात. पोलीसबाई लगबगीने पुढे आल्या. म्हटलं, चला! विचारलं काय, तर काका, डोळ्यात काही गेलंय का? आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. बाई स्वभावाने चांगली आहे. कामात कच्ची.

ता. १३

छत्री सापडली. ऑफिसात फायलींच्या कपाटामागे. चोराला पश्चात्ताप झाला असावा. विभागातले दुसरे गृहस्थ म्हणाले, मागच्या सोमवारपासून तिथेच आहे, मला वाटलं तुम्हीच ठेवलीत. त्यांचं निरीक्षण पहिल्यापासून यथातथाच.

घरी छत्रीचा विषय काढला नाही.

ता. १४

धोका टळला म्हणून शस्त्र खाली ठेवणं हा भाबडेपणा. चाकू चालू.

हल्ली रोज सकाळी माझ्या डब्याशेजारी एक सफरचंद ठेवलेलं असतं. मी सांगितलेलं नाही. ही म्हणते, फळं खायला लागलात, बरं आहे, पोट साफ राहतं. बिचारीला यातलं ओ की ठो माहीत नाही.

ता. १७, सोमवार

पँटचा खिसा चाकूच्या वजनाने फाटला. चाकू तपकिरी कोटाच्या आतल्या खिशात हलवला. छातीशी असला की कॉन्फिडन्सही वाढतो.

पोलीस ठाण्याबाहेर एक लोखंडी पेटी ठेवली आहे. चाकू आणून टाका, कुणी काही विचारणार नाही, अशी. चिरंजीवांची टेस्ट झाली की टाकून येईन. परिस्थिती बघून.

ता. १९, संध्याकाळ

उद्या टेस्ट. चिरंजीव दोन दिवस नीट जेवलेले नाहीत. मोटर, केबल, ब्रेक असं काहीबाही पुटपुटत फिरतात. अकराला तिथे हजर राहायचं. म्हणाले, स्टँडवर अडवलं नाही म्हणजे मिळवलं.

मला तिथल्या तिथे सुचलं. माझा तपकिरी कोट! त्या कोटात मला आजवर एकदाही अडवलेलं नाही. पोलीस कोट बघतात. ही म्हणाली, तो स्वतःचा शर्ट घालून जाईल, तुमचा कोट त्याला आखूड होतो. मी ऐकलं नाही. अशा वेळी घरात एकाने तरी खंबीर राहावं लागतं. चिरंजीव नको नको म्हणत होते, पण शेवटी घालून पाहिला. आरशात बघून म्हणाले, बरा दिसतो का? मला एकदम भरून आलं. फार बरा दिसत होता.

कोटाला स्वतः ब्रश केला. बाहेरच्या खिशात सफरचंदाचा फुगवटा दिसत होता, म्हणून ते आठवणीने काढून घेतलं. बारीकसारीक गोष्टींकडे बापालाच लक्ष द्यावं लागतं.

ता. २०, सकाळी ९

चिरंजीव निघाले. ताठ चालत होते. खिडकीतून कोपऱ्यापर्यंत पाहिलं.

सकाळी ९.४०

ठाण्यातून फोन. कोट!

ता. २०, संध्याकाळ

लिहायचं नव्हतं. पण वस्तुस्थितीची नोंद असलेली बरी.

आज पोलीसबाईंच्या जागी नवीन माणूस होता. त्याने चिरंजीवांना अडवलं. आतल्या खिशात चाकू, आणि चिरंजीवांना तो तिथे आहे हेच ठाऊक नाही. कुणाचा, म्हणून विचारलं तर म्हणाले, मला माहीत नाही. असं उत्तर दिल्यावर कुणाचा विश्वास बसेल?

मी धावत गेलो. सफरचंद हातातच होतं. तो बाकावर बसला होता. बूट काढायला लावले होते, मोज्याला अंगठ्यापाशी भोक. समोर भिंतीवर घड्याळ, आणि तो त्या घड्याळाकडे बघत होता.

साहेबांना सांगितलं, चाकू माझा. साहेब म्हणाले, काका, इथे येणारा प्रत्येक बाप हेच म्हणतो. मी म्हणालो, दोन आठवडे रोज तुमच्या नाकावर टिच्चून घेऊन फिरतोय. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शिपायाला सांगितलं, यांना पाणी द्या. मी कायदा समजावला. योग्य कारण म्हणून सफरचंद टेबलावर ठेवलं. साहेबांनी सफरचंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, म्हणजे कारण तुमच्या खिशात आणि चाकू पोराच्या?

मी सफरचंद परत खिशात घातलं.

तुमचाच आहे तर उघडून दाखवा, म्हणाले. मी प्रयत्न केला. दुसरं नख मोडलं. शिपायाने ओढला. साहेबांनी स्वतः ओढला. पक्कड आणली. उघडला नाही. मी म्हणालो, दर्जेदार आहे.

तेवढ्यात ही आली. अंगावर घरातलीच साडी, पायात दोन वेगळ्या चपला. सरळ टेबलापाशी गेली आणि म्हणाली, साहेब, तो नाही उघडायचा, मी त्यात गोंद ओतलाय. मोज्यांच्या कप्प्यात दिसला त्याच दिवशी. यांना बोलले असते तर यांनी दुसरा आणला असता आणि तो मला सापडला नसता. चिकटवला की सगळेच सुखी. सफरचंदसुद्धा मीच देते, साहेब. तेवढंच पोटात काही जातं यांच्या.

मी हिच्याकडे बघतच राहिलो. अशी गोष्ट नवऱ्यापासून लपवायची असते?

साहेबांनी मला कोट घालायला लावला. बटणं पोटावर बरोबर बसली. मग त्यांची खात्री पटली. जो उघडतच नाही त्याला चाकू म्हणायचं की काय, यावर त्यांची आणि शिपायाची थोडी चर्चा झाली. चाकू जप्त. लेखी समज माझ्या नावावर, चिरंजीवांच्या नावावर काही नाही. शिपायाने लिहिता लिहिता विचारलं, धोकादायक इसम का? साहेब मान वर न करता म्हणाले, छे.

बाहेर आलो तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. चिरंजीवांनी बूट घातले, नाडी बांधली. मी म्हणालो, चुकून झालं. म्हणाले, ठीक आहे बाबा. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ता. २१

चिरंजीव बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, मीठ द्या वगैरे.

ही सकाळपासून फोनला चिकटली होती. लिफ्ट कंपनीतल्या चार जणांनी चार ठिकाणी फिरवलं. शेवटी एका बाईंशी बोलली. सगळं खरं सांगितलं, गोंदासकट. त्या बाई इतक्या हसल्या की मला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं. सत्तावीसला उशिरा येणाऱ्यांची एक बॅच आहे, पाठवा म्हणाल्या. ही संधी मात्र शेवटची.

माझ्यामुळे कंपनीत त्याचं नाव आधीच सगळ्यांना माहीत झालं, ही त्यातली जमेची बाजू. घरात बोलून दाखवली नाही.

ता. २६

मी म्हणालो, उद्या मी बरोबर येतो. माझ्या ओळखीच्या आहेत पोलीसबाई. दोघंही एकदम नको म्हणाले. पण मी जाणार.

ता. २७, गुरुवार

चिरंजीवांनी फार लवकर निघायला लावलं. स्वतःचा शर्ट, स्वतःची टोपी. मी म्हणालो, एवढी घाई कशाला? म्हणाले, चला.

पोलीसबाई परत कामावर होत्या. मला म्हणाल्या, काका, पुढे चला. त्याला बाजूला घेतलं. मी थांबलो. म्हणालो, मलाही तपासा, माझ्या नावावर समज आहे. त्या म्हणाल्या, काका, रांग अडतेय.

पलीकडे जाऊन उभा राहिलो. टोपी काढायला लावली. खिसे उलटे. बूट. पट्टा. डबा उघडून बघितला. तो न बोलता एकेक करत होता, पुढे काय काढायचं ते त्याला सांगावं लागत नव्हतं. त्याने खांदे पाडले होते. मी आजवर रोज पुढे निघून जायचो, हे एवढा वेळ चालतं हे मला ठाऊकच नव्हतं. फार वाईट वाटलं. लेकराला आपण चालायला शिकवत होतो.

तो आला, पट्टा बांधत. काहीतरी बोलावं, त्याचं मन हलकं करावं म्हणून खिशातून सफरचंद काढलं आणि जरा मोठ्यानेच म्हणालो, चाकू असता तर चिरून दिलं असतं रे!

पोलीसबाईंनी वळून पाहिलं. परत बोलावलं. त्याला.

मी ओरडत होतो की बोललो मी, विनोद माझा होता. बूट पुन्हा निघाले. गेली नोकरी, आता बस जाणार, आणि ही मला घरात घेणार नाही.

तो आला तेव्हा बस अजून लागायचीच होती. चांगला वेळ शिल्लक होता. मी विचारलं, असं कसं रे? म्हणाला, दोन झडत्यांचा वेळ धरून निघालो होतो. एक नेहमीची, आणि एक तुम्ही बरोबर आहात म्हणून.

मग हात पुढे केला. मी सफरचंद दिलं. त्याने दातांनीच खाल्लं.