डाव्या पंखातला सांधा

१६ ऑगस्ट, शनि.
गोपाळकाला. अर्धा हँगर सुट्टीवर, मी कामावर. पांढरीचं शंभर तासांचं इन्स्पेक्शन. चार सीटांचं विमान बिचारं, शिकाऊ पोरं तिला आपटून उतरवतात आणि आम्ही तिचे सांधे चाचपत बसतो.
डावा एलेरॉन, पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, हाताने वरखाली केला तर कुठेतरी टक्. कानाला नाही, बोटांना. तो हलवणाऱ्या पुश रॉडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा गेलाय असं वाटलं. बदलला. मागच्या वर्षीच घातलेला, इतक्यात कसा गेला? हल्लीचा माल, दुसरं काय. आटे मोजत काढला, साडेअकरा. नवा तेवढेच आटे आत. चेक नट, तो सरकला तर कळावं म्हणून पिवळी रेघ. माझ्या हाताखालच्या तांडेलने तपासून दुसरी सही केली.
काम चालू असताना मधेच गणपती मंडळातून रव्याचा फोन, देखाव्यातल्या दळणवालीचा हात अडकतोय म्हणून. जुना खिशात टाकला. परत कोणी वापरू नये म्हणून लाल टॅग लावून करवतीने कापायचा असतो, माहीत आहे. पण भंगारात जाण्यापेक्षा म्हातारीचा हात तरी फिरेल.

१७ ऑगस्ट, रवि.
पांढरी सकाळीच बाहेरगावच्या तळावर गेली, दहा दिवस. पोरांना तिथे मोकळं आकाश मिळतं.
दुपारी मंडपात. यंदा देखावा कोकणातल्या घराचा, ओटीवर जात्याशी दळणारी म्हातारी. वायपरच्या मोटरवर हात फिरतो. जात्याचा दांडा गोल जातो तसा मनगटाचा कोन बदलत राहतो, साधा बोल्ट तिथे अडतो. गोळ्याचा सांधा घातला आणि बाई दळायला लागली. रव्या ओरडला, "आयला अन्या, म्हातारी दळताहा बघ! पीठ पडाचा तेवढा बाकी!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोला.
बसवताना सांधा बोटांना घट्ट लागला. नवा लागतो तसा. ग्रीस भरलं आणि विषय सोडून दिला.
घरी चहा पिताना परत आठवलं. बाकावर दोन्ही शेजारी होते. दोन्ही मीच फडक्याने पुसलेले, दोन्ही चकचकीत. मग रव्याचा फोन. मग
नाही, जुनाच परत पंखात, असं कसं होईल.

१८ ऑगस्ट, सोम.
तांडेलला आडून विचारलं. वरळी कोळीवाड्यातली पोरगी, चार वर्षांत मला मागे टाकेल अशी कामात. बारीक तार रॉडच्या भोकात घालून बघते, तार आरपार गेली तर सांधा पुरेसा आत नाही. ते तिने बघितलं होतं.
"तार जात नव्हती, नट टाईट, पिन होती. मी हलवून पण बघितलं, सर."
"प्ले? जरा तरी ढिलेपणा?"
"नव्हता. ...नव्हताच ना? तुम्ही नवीन घातलेला ना?"
नव्याचं रिकामं पाकीट आणि कागद तिच्यासमोर होते, शिवाय परब सरांचं, म्हणजे माझं, काम. मी तिच्यावर विसंबलो आणि ती माझ्यावर. दोन सह्या म्हणजे दोन माणसं, असं आपण धरून चालतो.
घरी येऊन ही वही उघडली. शनिवारी स्वच्छ लिहिलंय, 'जुना खिशात टाकला'. हायसं वाटलं. मग लक्षात आलं, ते घरी आल्यावर लिहिलंय. खिशात होता म्हणून त्याला जुना म्हटलं. माझीच साक्ष, माझ्याच बाजूने.

१९ ऑगस्ट, मंगळ.
रस्त्यात पाणी, हँगर बंद. गुडघाभर पाण्यातून मंडपात गेलो आणि म्हातारीच्या मनगटातला सांधा काढला. रव्याला सांगितलं, ग्रीस बदलतो. रव्या भडकला. "आठ दिवसांवर गणपती आणि तुका आत्ताच ग्रीस सुचला?"
मोरीत बसून रॉकेलने धुतला. ग्रीसमध्ये प्ले लपतो. बोल्ट घातला, हलवला. हलला. परत, नाही हलला. तिसऱ्यांदा कळेना. हिला हाक मारली, म्हटलं एक बाजू घट्ट धर आणि सांग, हलतंय का.
ही म्हणाली, "कायतरी हलताहा खरा. पण तुमचो हातच हलताहा."
मग हिला सगळं सांगितलं. हिने सांधा मोरीच्या कट्ट्यावर ठेवला. नंतर एवढंच, "त्या इमानात कोण बसता?"

२० ऑगस्ट, बुध.
तळावरून आलेला उड्डाणांचा तक्ता बघितला. शुक्रवारी सांगलीची शिकाऊ पोरगी पांढरीतून पहिल्यांदा एकटी जाणार. वीस वर्षांची. हँगरमधून जाताना आम्हा सगळ्यांना नमस्कार करते, झाडूवाल्यालासुद्धा.
दामलेसाहेबांच्या केबिनपाशी तीनदा गेलो. दोनदा चहाच्या निमित्ताने परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो आणि बोलून टाकलं. साहेब चीफ इंजिनियर, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. कधी आवाज चढवत नाहीत, आजही नाही.
"कापला नाहीत?"
"नाही साहेब."
"गणपतीला नेलात."
"हो."
"परब, तुम्ही सत्तावीस वर्षं नव्या पोरांना काय शिकवलंत?"
तिथल्या तिथे फोन लावून पांढरी जमिनीवर बसवली. तिच्यातला सांधा काढून ड्रायव्हरबरोबर मागवला. मी माझा टेबलावर ठेवला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तसाच.

२१ ऑगस्ट, गुरु.
चौकशी होईपर्यंत माझी सही बंद. लायसनचं पुढे बघू म्हणाले. लाज वाटते आणि झोपही छान लागली. या दोन गोष्टी एकत्र कशा काय होतात, देव जाणे.
तांडेल माझ्याशी बोलत नाही. तिलाही लेखी द्यावं लागलं. तिचा राग बरोबर आहे. डबा खाताना मी शेजारी बसलो तर उठली नाही, एवढंच.
रव्याचा मेसेज, म्हातारीचा हात लोंबतोय, लोक हसतात. हसू देत.

२२ ऑगस्ट, शुक्र.
सांधा आला. साहेबांनी दोन्हींना चिठ्ठ्या लावल्या, 'विमान' आणि 'मंडळ', आणि डायल गेजवर स्वतः मोजले. मी लांब उभा. काटा हलला की जुना कळणार, आणि जुना पांढरीत होता असं निघालं तर माझं काय व्हायचं ते होवो, निदान कळेल तरी. एवढंच मागणं होतं.
'विमान', लिमिटच्या आत. 'मंडळ', तोही आत. दोन्ही चांगले! एक केसभर जास्त ढिला, पण जुना म्हणून शपथ घ्यावी इतका नाही.
तांडेलने श्वास सोडला. मलाही वाटलं, सुटलो. साहेब मात्र चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.
"परब, दोन्ही चांगले. मग शनिवारी तुम्हाला हललं ते काय?"
सांधा गेलाच नव्हता. गेलं होतं ते दुसरंच काहीतरी. मी धडधाकट सांधा काढून दुसरा धडधाकट घातला, त्यावर पिवळी रेघ ओढली, आणि ती टक् तशीच पंखात बसवून पांढरीला पाठवली. आठवडाभर मी कुठला जुना, कुठला नवा यात डोकं फोडत होतो. तो प्रश्नच नव्हता.
किंवा काही नव्हतंच. हंडीच्या दिवशी बाहेर ढोल चालले होते, हाताला काय लागलं कोण सांगणार.
साहेब म्हणाले, "उद्या तळावर जा. सही तांडेल करेल. तुम्ही फक्त हात लावा. ती टक् तुमच्या बोटांना लागली, दुसऱ्या कोणाला सापडायची नाही."

२३ ऑगस्ट, शनि.
जीपने पाच तास. तांडेल पुढे, मी मागे. घाटात तिने वडापाव घेतला, एक मलाही दिला. बोलली नाही.
तळावर एकच शेड. पांढरीच्या डाव्या पंखाचं पोट उघडलं, बरोबर आणलेला कोरा सांधा रॉडला बसवला. तांडेल आत वैमानिकाच्या जागी बसून स्टिक घट्ट धरून, मी एलेरॉनला. रॉडचं एक टोक बघितलं, दुसरं बघितलं, ओढ वळवणारा मधला बेलक्रँक, त्याचा बोल्ट, बिजागऱ्या, केबलचा ताण. बोल्ट काढून मोजला. आतली बुशिंगं, बोल्टभोवतीच्या नळ्या, मोजली. सगळं लिमिटमध्ये. परत बांधलं, तार, पिन, रेघ.
परत हलवलं. नाही. पंचवीस-तीस वेळा नाही. मग एकदा लागली. अगदी बारीक, तर्जनीच्या पेराला.
"लागली!"
तांडेलने उतरून स्वतः हलवलं, मी स्टिक धरली. पुष्कळ वेळ हलवलं. "मला नाही लागत, सर." मग मी परत. मलाही नाही. माझं वय एकोणपन्नास आहे आणि सकाळपासून हात वर धरून खांदा भरून आलाय. ती टक् पंखातली की माझ्या खांद्यातली, मला खरंच कळत नाही. हे लिहिताना चिडून रडायला येतंय.
तांडेलने कागद मांडीवर घेतला, पेन उघडलं. आज पाच दिवसांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून बोलली.
"मोजमापात सगळं बसतंय, सर. मी सही करू शकते. पण तुम्ही बोला. या वेळी मला खरं सांगा, मी तुमच्याकडे बघून नाही करणार."
शेडच्या दारात सांगलीची उभी होती, हातात हेडफोन. तिची एकटीची फेरी उद्या सकाळी लावलीय. आमचं किती ऐकलं कुणास ठाऊक. नेहमीसारखा नमस्कार केला.
"सर, झालं ना? तुम्ही हो म्हणालात तर जाते मी."
दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी परत एलेरॉनला हात लावला आणि म्हटलं, सकाळी सांगतो.
आता गेस्ट हाउसच्या खोलीत आहे. कागद तांडेलकडे, सहीची जागा कोरी. सकाळी सातला ती दार वाजवेल.